रेघ नसलेला अंगठा

सोमवारी सकाळी सात वाजायला आठ मिनिटं कमी असताना कंपनीच्या गेटवरच्या मशीनने जयमालाचा अंगठा ओळखला नाही. "प्लीज ट्राय अगेन," मशीनमधली बाई म्हणाली. जयमालाने अंगठा ओढणीला पुसला, पुन्हा ठेवला. प्लीज ट्राय अगेन. मागे पहिल्या शिफ्टची रांग होती, चाकणचा गार वारा होता, आणि रांगेतून कुणीतरी म्हणालं, "ताई, डावा लावून बघा की." डावाही चालला नाही. शेवटी टाइम ऑफिसमधून सोपानराव बाहेर आले. देहूरोडला लष्कराच्या डेपोत जन्म घालवून निवृत्त झाल्यावर इथे लागलेला हा माणूस. त्यांचा आवाज मोठा, पण त्यात राग कधी नसायचा. त्यांनी तिचा हात धरून उजेडाकडे वळवला, चष्मा कपाळावर चढवला आणि अंगठा डोळ्यांजवळ नेला. "मॅडम, ह्याच्यावर रेघच राहिली नाही एकसुद्धा," ते म्हणाले. "मशीन बिचारं काय ओळखणार?" आणि त्यांनी वहीत तिचं नाव हाताने लिहून घेतलं. झालं एवढंच. रांग पुढे सरकली. पण जयमाला इन्स्पेक्शनच्या टेबलापर्यंत चालत गेली ती आपला अंगठा मुठीत लपवून, कुणाचंतरी उचललेलं काहीतरी आपल्याजवळ असल्यासारखी.

आठ वर्षं ती या टेबलावर होती. ब्रेकचे सुटे भाग मशीनवरून उतरून मशीन गार ठेवणाऱ्या कूलंटच्या पांढुरक्या पाण्याने निथळत तिच्यापुढे यायचे आणि ती एकेक नग गेजवर चढवून पास-नापास करायची. गेज नंतर. आधी बोट. कडेवरून बोट फिरवलं की कुठे बारीकशी कणी राहिलीय, कुठे टूल घासून बोथट झालंय, हे तिला डोळे मिटून कळायचं. लाइनचा सुपरवायझर सुजित नव्या पोरींना सांगायचा, मॅडमच्या बोटात मायक्रोमीटर आहे. ते तिला आवडायचं. गेल्या पावसाळ्यानंतर मात्र बोटांची पेरं कोरडी पडत गेली, मग चकाकायला लागली, मग सांध्यांवर चिरा. तिने दोन जोड हातमोजे घालायला सुरुवात केली. वरून रबरी, आत आणखी रबरी. सुजितने विचारलं तर म्हणायची, थंडी. थंडी संपली तेव्हा म्हणाली, सवय. हात दिसले की टेबल जाईल, आपल्याला कुठेतरी कागदांच्या खोलीत बसवतील, ही भीती तिने कुणाजवळ, नवऱ्याजवळसुद्धा, बोलून दाखवली नव्हती. आता रबराच्या आत बोटं घामाने भिजत होती, खाज मनगटापर्यंत चढत होती, आणि सोपानरावांचं वाक्य नगांच्या आवाजातून पुन्हापुन्हा ऐकू येत होतं. रेघच राहिली नाही.

तिला हात लपवायची सवय जुनी होती. राजगुरुनगरला, म्हणजे घरच्यांच्या तोंडी खेडला, ती दुसरीत होती तेव्हा कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या खोबणीत लाल चट्टे उठायचे, त्यातून पाणी यायचं, वर पिवळी खपली धरायची. तिची आई रुक्मिणीबाई कडुनिंबाच्या पाल्याचं कढत पाणी अंगावर ओतायची. ते ओतताना इतकं बरं वाटायचं, की जयमाला डोळे मिटून घ्यायची. खाज त्या कढत पाण्यात विरघळून जायची. आणि घटकाभराने दुप्पट होऊन परत यायची. झोपताना आई तिच्या हातांवर वडिलांचे जुने मोजे चढवून मनगटाशी नाडीने बांधायची. नाडी बांधताना आई रडायची, आणि जयमालाला वाटायचं, हे आपणच काहीतरी केलंय. वर्गात तिला खिडकीपाशी एकटीला बाक होता. मुली खरजुली म्हणायच्या. खरूज नव्हती ती, पण हे सांगणारं कुणी नव्हतं, आणि जे सांगायला पाहिजे ते माहीत असलेलंही कुणी नव्हतं. बाराव्या-तेराव्या वर्षी चट्टे आपोआप विरत गेले. लग्नाच्या वेळी अंग स्वच्छ होतं. रहाटणीतल्या जुन्या शेतकरी घरात ती सून म्हणून आली. त्या घराची शेतं कधीच सोसायट्यांखाली गेली होती, आणि कुलदीपचं, तिच्या नवऱ्याचं, इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान होतं. या घरात आपलं लहानपण सांगायचं तिने टाळलं. मग निशिगंधा झाली. चौथ्या महिन्यात तिच्या गालांवर ते ओळखीचे लाल ठिपके उगवले, आणि सासूबाई शालनबाई पोरीला मांडीवर घेऊन म्हणाल्या, "आमच्याकडं असलं कुणाला न्हाई बाई. हे तुज्या म्हायेराकडनं आलंय." जयमालाला ते खरंच वाटलं. पाच वर्षं ती ते खरंच मानत आली होती.

जेवणाच्या सुट्टीत फोन वाजला. निशिगंधाच्या शाळेतल्या करिष्मा मॅडम. "निशिगंधाच्या मम्मी, रागावू नका हं," अशी त्यांनी सुरुवात केली तेव्हाच जयमालाने डबा मिटून बाजूला ठेवला. गॅदरिंगचा नाच होता, मुलांनी हात धरून रिंगण करायचं होतं. दोन पालकांनी तक्रार केली होती. निशिगंधाचे हात, मनगटं, मानेवरही, ते थोडं ओलं दिसतंय. "मला माहितीये तसं काही नसेल. पण डॉक्टरांचं पत्र मिळेपर्यंत तिला जरा बाजूला बसवलंय. ती रडत वगैरे नाहीये, छान बसलीय." छान बसलीय. जयमाला कँटीनच्या मागच्या जिन्यावर गेली. तिला खिडकीजवळचा तो बाक दिसला, त्यावरची शाई, बाहेरचं लिंबाचं झाड. आणि त्याच क्षणी तिने स्वतःशी कबूल केलं की या आजारात कुणाचाही दोष नसला, तरी तो इतका वाढण्यात एक दोष होता, आणि तो तिचा स्वतःचा होता. औषध बंद तिने केलं होतं.

चार महिन्यांपूर्वी काळेवाडीच्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी एक ट्यूब दिली होती. तीन दिवसांत चट्टे फिके पडले. चौथ्या दिवशी मोबाइलवर एक व्हिडिओ आला. स्टेरॉईड आहे, कातडी पातळ होते, सवय लागते. जयमालाने ट्यूब कपाटात ठेवली. आठवड्याने चट्टे परत आले, तेव्हा तिला वाटलं, बघा, लागलीच सवय. पुन्हा दोन दिवस लावायचं, पुन्हा घाबरून थांबवायचं. तीन आठवड्यांपूर्वी तिने ती कायमची बंद केली, आणि त्या दिवशी शालनबाई पहिल्यांदा तिच्यावर खूष झाल्या. "बरं केलंस. आंगातली गरमी भायेर पडू दे. मी न्हाऊ घालते तिला, बघ कशी तुकतुकीत हुती." सकाळी पावणेसहाला कंपनीची बस. पोरीची आंघोळ, डबा, शाळा, सगळं शालनबाईंच्या हाती. त्या पोरीला कढत पाण्याने आणि डाळीच्या पिठाने घासून काढत होत्या, मायेने, जीव लावून. आणि जयमाला हे जाणून होती. कढत पाणी काय करतं ते तिच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक होतं? तरी सासूने एकदा आपल्याला बरं म्हटलंय, या सुखासाठी ती गप्प राहिली होती. जिन्यावर उभं राहून तिने हे सगळं सरळ बघितलं. विचित्र म्हणजे, तसं बघितल्यावर तिला हलकं वाटलं. जे आपण बिघडवलंय ते आपल्याला नीट करता येतं. तिच्या कामाचा हाच तर पाया होता: नग नापास झाला की आधी कुठे बिघडलं ते शोधायचं, रडायचं नाही.

त्याच संध्याकाळी ती निशिगंधाला घेऊन दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी पोरीचं अंग तपासलं, मग ट्यूब मागितली. ती उघडून त्यांनी दाबून पाहिली. "ही मी दोन आठवड्यांत संपवायला सांगितली होती. अर्धीसुद्धा गेली नाही."

"मी घाबरले," जयमाला म्हणाली.

"मग मला का नाही विचारलंत?"

डॉक्टरीणबाई रागावल्या मात्र नाहीत. त्यांनी निशिगंधाला वजनकाट्यावर खेळायला सोडलं आणि खुर्ची पुढे ओढली. "हे बघा. हिची कातडी जन्मतःच गळकी आहे; घरात कुणाला दमा असला तरी मुलांत हे येतं. गच्चीचं वॉटरप्रूफिंग कच्चं असतं ना, तसं. आतली ओल बाहेर जाते. धूळ, साबण, घाम आत शिरतो, आणि मग ती पेटते. रक्तात घाण नाही, गरमी नाही, आणि एकाचं दुसऱ्याला लागत नाही. पेटलेलं असताना ही ट्यूब. बोटाच्या शेवटच्या पेरावर मावेल एवढी, तुमच्या दोन तळव्यांएवढ्या जागेला. पूर्ण दिवस लावायची, मग मी सांगेन तशी कमी करायची. धोका आहे तो मनाला येईल तशी, महिनोन्महिने लावणाऱ्यांना. आणि दोन दिवस लावून सोडणाऱ्यांची आग विझतच नाही. पण खरं औषध हे." त्यांनी साध्या पांढऱ्या क्रीमचा मोठा डबा टेबलावर ठेवला. "कोमट पाणी, पाच मिनिटं, घासणं बंद. टॉवेलने टिपायचं आणि अंग ओलसर असतानाच हे भरपूर लावायचं. रोज. बरं वाटलं तरी रोज. हे मुळापासून जाईलच असं मी म्हणणार नाही. बरीच मुलं मोठी होताना यातून सुटतात, काहींचं परत येतं. पण ताब्यात राहतं." मग त्या जयमालाकडे वळल्या. "आता तुमचे हात दाखवा."

जयमालाचे हात ओढणीखाली होते. तिला कळेना त्यांनी कधी पाहिलं. क्षणभर तिच्या मनगटांना ती नाडी आवळल्यासारखी वाटली. मग तिने दोन्ही हात टेबलावर, त्या डब्याशेजारी, उताणे ठेवले. दिव्याखाली ते तिला स्वतःलाच नवे दिसले: तुकतुकीत, लाल, भेगाळलेले, आणि मनगटाशी जिथे मोजा संपतो तिथे एक स्पष्ट रेषा, जणू कुणी पट्टी लावून आखलेली. डॉक्टरीणबाई त्या रेषेवरून बोट फिरवत म्हणाल्या, "मोजे कसले घालता?"

पुढच्या सोमवारी, तिच्या कातडीला नेमकं काय सोसत नाही ते शोधायला, त्यांनी तिच्या पाठीवर छोट्याछोट्या चकत्यांच्या पट्ट्या चिकटवल्या. दोन दिवस पाठ भिजवायची नाही. त्या पट्ट्या घेऊन ती बसमध्ये टेकून न बसता चाकणपर्यंत गेली, पाठीवर परीक्षेचा पेपर बांधल्यासारखी. बुधवारी पट्ट्या निघाल्या, शुक्रवारी निकाल वाचला. लालबुंद उठलेला गोल एकच होता. कूलंटचा नव्हे. रबरी मोजे बनवताना त्यात जे रसायन घालतात, त्याचा. कूलंटने कातडी कोरडी केली होती हे खरं, पण पेटवली होती ती मोज्यांनी. जयमाला हसायलाच लागली. लपवायला म्हणून एकावर एक चढवलेले मोजे! तिला आपल्या आईची आठवण झाली, आणि रागाऐवजी एक मोठी माया दाटून आली. त्या बाईच्या हातात एक नाडी होती आणि जुने मोजे होते. तिने तेवढ्यावर पोर सांभाळली.

कंपनीत सुजित डॉक्टरांचा कागद वाचून अवघडला. "मॅडम, मग असं करू, तुम्ही रिपोर्टिंगला बसा. ऑफिसमध्ये. तुम्हालाच बरं पडेल."

हे वाक्य तिने कितीतरी महिने मनात ऐकलं होतं, आणि प्रत्यक्षात ते आलं तेव्हा त्यात भिण्यासारखं काही नव्हतं. सुजित वाईट माणूस नव्हता. "काम बदलू नका," ती म्हणाली. "मोजे बदला. कागदावर कुठले ते लिहिलंय. आत सुती, आणि घामेजले की बदलायला दुसरा जोड. आणि टेबलाशेजारी तो तेल काढायचा वाळूसारखा साबण आहे ना, तो माझ्यासाठी नको. मी माझा आणीन."

"एवढंच?"

"एवढंच."

तो मान हलवत गेला. सोपानरावांनी तिच्यासाठी अंगठ्याऐवजी कार्डाची सोय करून दिली आणि वर सांगितलं, "माझी धाकटी सून बी हात झाकून असते. तिला तुमच्याकडं पाठवू का, मॅडम?" जयमाला म्हणाली, "पाठवा. पण डॉक्टरांकडे मी घेऊन जाईन, औषध माझ्याकडे नाही मिळायचं."

शालनबाईंना मात्र कागद दाखवून भागणार नव्हतं. दवाखान्यातून आल्यावरच्या पहिल्याच गुरुवारी, एमआयडीसीच्या सुट्टीच्या दिवशी, तिने आंघोळ स्वतः घातली आणि त्यांना मोरीच्या दारात पाटावर बसवून घेतलं. "आत्या," ती म्हणाली. सासूला ती पहिल्यापासून आत्याच म्हणायची. "आत्या, मी लहानपणी अशीच होते. मला आईने कढत पाण्यानेच न्हाऊ घातलंय. तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि मागून आग होते. मी तुम्हाला आधी सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं, ते माझं चुकलं."

शालनबाई पोरीच्या अंगाकडे बघत म्हणाल्या, "मंग येवढे दिस मी पोरीला भाजीतच व्हते म्हन की."

"आपण दोघींनी मिळून. तुम्हाला माहीत नव्हतं. मला होतं."

"मला न्हाई जमायचं ते इंग्रजी औषीद," म्हणून त्या उठून गेल्या. पण दुसऱ्या दिवशी दुपारी जयमाला घरी आली तेव्हा क्रीमच्या डब्यात बोटांचे खोल खड्डे पडलेले होते, आणि निशिगंधाने सांगितलं, आजीने पाण्यात आधी स्वतःचं कोपर बुडवून बघितलं. पुढे शालनबाईंनी त्यात आपली शिस्तही आणली. लोकरीचं टोपरं बाद, नखं दर रविवारी, खाजवलं तर ओरडायचं नाही, हातात काहीतरी द्यायचं. कुलदीपने दुकानातून पंखा आणून पोरीच्या खाटेशी लावला. घामाने वाढतं म्हणे, असं तो सगळ्यांना ऐटीत सांगू लागला.

दोन आठवड्यांनी गुरुवारी गॅदरिंगच्या तालमीला शाळेत पालक जमले तेव्हा पत्र जयमालाच्या पर्समध्ये होतं. ते तिने करिष्मा मॅडमच्या हाती दिलं आणि मग न विचारताच बोलायला उभी राहिली. आपण इतक्या शांतपणे उभ्या आहोत याचं तिलाच नवल वाटत होतं. तिने आधी स्वतःचे हात दाखवले. अजून पुरते बरे नव्हते, पण चिरा मिटल्या होत्या. "हा एक्झिमा आहे. माझ्या मुलीलाही आहे. हिचा हात धरल्याने तुमच्या मुलांना होणार नाही. आम्ही दोघं हिला पाच वर्षं कुशीत घेऊन झोपतोय, तिच्या बाबांना अजून झालेला नाही." कुणीतरी हसलं. तक्रार केलेली एक आई चाचरत म्हणाली, "आम्हाला तसं म्हणायचं नव्हतं हो. भीती वाटते ना." जयमाला म्हणाली, "मलाही वाटली होती. औषधाची. म्हणून तर तिचं इतकं वाढलं." आणि खाली बसताना तिला जाणवलं की खिडकीजवळच्या त्या बाकाबद्दल काहीच बोलायची गरज पडली नाही. मॅडमनी लगेच निशिगंधाला रिंगणात बोलावलं. निशिगंधा उठेना. तिला बाजूला बसवताना मॅडमनी हाती झांजा दिल्या होत्या, आणि आता ठेका तिच्याकडे होता. "मी नाही नाचणार," ती ठणकावून म्हणाली. "मी वाजवणार. ते चुकतात मी थांबले की." जयमालाने तिला आग्रह केला नाही. ती मागे बसून, पाच वर्षांची पोर वीस पोरांना नाचवतेय, हे बघत राहिली.

घरी परतेपर्यंत ऊन चढलं होतं. निशिगंधा खेळायला शेजारी गेली. जयमालाने हात धुतले, टिपले, आणि ओसरीत डबा घेऊन बोटांना क्रीम लावत बसली. शालनबाई आतून आल्या, दाराला कडी घातली आणि तिच्यासमोर भिंतीला टेकून बसल्या. मग त्यांनी लुगड्याचा काठ धरून डावी पोटरी उघडी केली. घोट्याच्या वर, वीतभर जागेत, कातडी काळी, जाड, झाडाच्या सालीसारखी झाली होती. मधोमध नखांच्या ताज्या खुणा, त्यांत रक्ताचे बारीक दाणे.

जयमालाचे हात थांबले. "हे कधीपासून, आत्या?"

"कुलदीप पोटात व्हता तवापासनं." शालनबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या. "कुनाला दावलं न्हाई. ह्याच्या बापाला बी न्हाई. लुगडं असतंय, झाकून जातं. शेतात चिखलात उभं ऱ्हायलं की गार वाटायचं, मंग शेतं बी गेली." त्यांनी काठ पुन्हा खाली ओढला, पुन्हा वर केला. "कुलदीपला ल्हानपनी दमा व्हता. त्ये बी तुला कुनी सांगितलं नसंल. परवा पोरीला लावता लावता डॉक्टरनीचं म्हननं पोरीनंच मला सांगितलं, आतली ओल भायेर जाती, घरात दमा असला तरी पोरास्नी हे येतं म्हनून. तवा कळलं."

पस्तीस वर्षं. जयमालाच्या मनात, या बाईसाठी राखून ठेवलेली, पाच वर्षांत घोटूनघोटून धारदार झालेली कितीतरी वाक्यं होती. तिने ती शोधली, पण तिला त्या पोटरीवरच्या नखांच्या खुणाच दिसत राहिल्या, आणि ती खाज, तिला पाठ असलेली, हाडापर्यंत पोचणारी. तिने डबा उचलला आणि सरकून जवळ बसली.

"ट्यूब आज नाही लावायची," ती म्हणाली. "ती पोरीची आहे. संध्याकाळी आपण दोघी जाऊ दवाखान्यात, बाई तुम्हाला वेगळी देतील. आत्ता नुसतं हे लावते."

शालनबाईंनी पाय आखडून घेतला. "तुज्या म्हायेराकडनं आलंय म्हनत व्हते मी."

"म्हणत होतात."

"मंग?"

"मग काय आत्या," जयमाला म्हणाली, आणि तिने हात पुढे केला. "पाय सरळ करा."